कागदावरचा वस्फी

शाबानचा शेवटचा दिवस

तिसाच्या तीस कोडी लिहून झाली. दोन महिने जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांत बसून धूळ खाल्ली म्हणून मला खोकला झाला, असं इन्शिराहचं म्हणणं. खोकला धुळीचा नाही, वयाचा आहे. पण बायकोशी वाद घालून आजवर कोण जिंकलंय?

पोर्ट सईदच्या आमच्या क्लबात दर रमजानला कोड्यांची स्पर्धा होते. यंदा ती कॅप्टन हिश्मतने माझ्यावर, म्हणजे एका निवृत्त पत्रकारावर, सोपवली. हिश्मत क्लबाचा अध्यक्ष. कधीकाळी फुटबॉल संघाचा कर्णधार होता, आणि अजूनही कुणी नुसतं ‘हिश्मत’ म्हटलं तर त्याला ऐकू येत नाही. विषय मी ठरवला: ‘मी कोण?’ रोज एका जुन्या खेळाडूची कारकीर्द सांगायची, फक्त नाव गाळायचं. एक दिवस मुष्टियोद्धा, एक दिवस वल्हवणारा, एक दिवस ग्रीसच्या क्लबाने पगारावर नेलेला गोलरक्षक.

इफ्तारच्या तोफेआधी तासभर मी अंगणात कोडं वाचणार. उत्तराची चिठ्ठी दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजापर्यंत बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. ज्याची जास्त उत्तरं बरोबर, त्याला उमराची, म्हणजे मक्केच्या छोट्या यात्रेची, एक जागा. विमान, मक्केतलं राहणं, सगळं क्लबातर्फे. नियमही मीच लिहिले. शेवटचा नियम असा: ईदचा चंद्र दिसला की डबा बंद, आणि त्याच संध्याकाळी निकाल.

ईदच्या दुसऱ्या दिवशी क्लब माझा सत्कार करणार आहे. हिश्मत म्हणाला, ‘‘तुझी ती गाजलेली बातमी चौकटीत बसवून देणार.’’ मी ‘कशाला, कशाला’ म्हणालो, पण बरं वाटलं हे इथे तरी कबूल करायला हरकत नाही.

रमजान २

पहिलं कोडं अगदी सोपं दिलं होतं, तरी एकसष्ट चिठ्ठ्यांत चौदा चुकलेल्या. मासळीवाला हाजी फौझी गुणांच्या फळ्यासमोर उभा राहून म्हणाला, ‘‘उस्ताझ, हे कोडं की माझ्या नातवाचा गृहपाठ?’’ हाजी दोनदा हज करून आलाय. त्याला बक्षीस हवंय ते मक्केसाठी नाही, बाजारात मिरवण्यासाठी.

रमजान ४

एक मुलगी रोज येते. तहानी. मुलींच्या शाळेत कसरतीची शिक्षिका आहे. कालव्यापलीकडच्या पोर्ट फुआदहून फेरीने येते, कोडं वहीत उतरवून घेते आणि तोफेच्या आत परत जाते. तिन्ही उत्तरं बरोबर. कालचं कोडं होतं साठ सालच्या एका भारोत्तोलकाचं, ज्याचं नाव हिश्मतलासुद्धा आठवेना.

मी विचारलं, ‘‘तुझा जन्मही झाला नव्हता तेव्हा, तुला कसं माहीत?’’

‘‘मला नाही, बाबांना माहीत आहे. मी वाचून दाखवते, ते सांगतात. त्यांना आता नीट दिसत नाही, साखरेने डोळे नेले. उजवा गेलाच आहे. डाव्याचे पाच-सहा महिने, म्हणतात डॉक्टर. तेवढ्यात काबा बघून यावा, एवढीच इच्छा आहे.’’

बाप काय करायचा, तर बंबूती होता. होडीतून बोटींच्या अंगाशी जायचं आणि खलाशांना चामड्याच्या उशा, खोट्या ममी, पितळेचे उंट विकायचे. म्हटलं, खेळांची एवढी माहिती कशी? ती म्हणाली, ‘‘तरुणपणी थोडं पोहायचे.’’ बंदरातला माणूस, पोहणारच.

चिठ्ठीखाली ती ‘तहानी शहाता’ अशी सही करते, म्हणजे बापाचं नाव शहाता. शहाता म्हणजे भिक्षेकरी. आधीचं मूल दगावलं की आया पुढच्याचं नाव असं ठेवायच्या. सात घरं मागून आणलेल्या चिंध्यांत त्याला गुंडाळायच्या, म्हणजे मृत्यूने नाक मुरडून पुढे जावं. आमच्या गल्लीत चार शहाता होते आणि चौघेही चांगले धट्टेकट्टे.

रमजान ९

तहानीच्या चिठ्ठीवर आज नावाशिवाय एक ओळ जादा: ‘उजवा नव्हे, डावा हात मोडला होता.’ कालचा मुष्टियोद्धा. मी गठ्ठा काढून पाहिला. आमच्याच पेपरात स्पष्ट छापलंय, उजवा. गुण दिला, पण तिला म्हटलं, ‘‘बाबांना सांग, आठवण फसवते, कागद फसवत नाही.’’

तिने वही मिटली. मग म्हणाली, ‘‘उस्ताझ, तुम्ही ज्यांच्याबद्दल लिहायचात, त्यांना भेटायचात का?’’

‘‘वेळ कुठे असायचा? कागद मिळवले की माणूस कळतो.’’

‘‘बाबा म्हणतातच,’’ ती म्हणाली, ‘‘उस्ताझ कागदाचे पक्के आहेत.’’ न भेटता एखादा बंबूती माझी अशी तारीफ करतो. लेखणीची इभ्रत अजून आहे म्हणायची!

रमजान १५

हाजीला दोन चुकांनी मागे टाकून तहानी पुढे होती. आज तिचं बास्केटबॉलचं उत्तर चुकलं. ‘‘बास्केटबॉल बाबांना जमत नाही. उंच माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत म्हणतात.’’ सगळे हसले. हाजीने तिला जर्दाळूचं सरबत पाठवलं, वर म्हणाला, ‘‘पी पोरी, हरायला ताकद लागते.’’

रमजान २१

आता हाजी बरोबरीला आलाय. तेविसाव्या कोड्याविषयी मन मागेपुढे होतंय, म्हणून हे लिहून ठेवतो.

ते कोडं वस्फीचं आहे. वस्फी अब्द-रब्बू मुर्सी. हिश्मतचाच आग्रह: सत्काराआधी लोकांना ती बातमी आठवायला हवी. सन चौसष्ट. मी सव्वीस वर्षांचा, पेपरात कच्चा उमेदवार. क्लबात एक मुलगा होता. उन्हाळ्यात पोहायचा, वॉटर पोलो खेळायचा, भाला फेकायचा आणि फुटबॉलमध्ये गोल राखायचा. सतरा वर्षांपर्यंतच्या मुलांचा देशाचा संघ अथेन्सला जाणार होता, त्यात त्याची निवड झाली. वयाचा दाखला म्हणून क्लबाने सरकारी डॉक्टरचं दात तपासल्याचं पत्र जोडलं: वय सतरा. मला शंका आली. जन्माचा दाखला असताना दात कशाला बघायचे? मी त्याच्या शाळेत गेलो, आरोग्य कचेरीत गेलो आणि दाखला शोधून काढला. जन्म मार्च पंचेचाळीस. म्हणजे एकोणीस.

मथळा दिला ‘एकोणीस वर्षांचं बाळ!’ आणि खाली लिहिलं, ‘दात बघून वय ठरवायला हा काय घोडा आहे?’ ते वाक्य कैरोच्या पेपरांनीसुद्धा उचललं. मुलावर कायमची बंदी आली. मी कायम झालो.

तो पुढे लिबियाला गेला म्हणतात. बातमी खरी होती, कागद माझ्या हातात होता. तरी कधीकधी वाटतं, घोड्याचं वाक्य नसतं लिहिलं तर चाललं असतं. पण हे वाटणं म्हातारपणीचं आहे.

रमजान २३

वाचलं. ‘जन्म मार्च पंचेचाळीस. पाण्यात उतरलो, भाला फेकला, गोलापाशी उभा राहिलो. एकोणिसाव्या वर्षी सतरा वर्षांच्या पोरांत खेळताना पकडला गेलो. मी कोण?’

जुनी माणसं खो खो हसली. हाजी ओरडला, ‘‘घोडा!’’ हिश्मतने माझ्या पाठीवर थाप मारली. तहानीने आज वहीत काही उतरवलं नाही. तशीच निघून गेली. बरं नसावं तिला.

रमजान २४

डब्यात त्रेचाळीस चिठ्ठ्या. बेचाळिसांवर वस्फी.

एक चिठ्ठी तहानीच्या अक्षरातली नाही. मोठी वाकडी अक्षरं, ओळ सोडून खाली उतरत गेलेली. इथे तशीच उतरवतो.

‘कागदावरचा वस्फी माझा मोठा भाऊ. दहा महिन्यांचा होऊन गेला. आईने त्याचा मृत्यू नोंदवला नाही, दाखला ठेवून दिला आणि पुढच्या वर्षी मी झालो तेव्हा तोच मला दिला. तो कधी पाण्यात उतरला नाही, गोलापाशी उभा राहिला नाही. खेळलो तो मी, शहाता. मी सतरा वर्षांचा होतो.’

चिठ्ठी पुन्हा वाचली. 

बाहेर लोक निकालासाठी थांबले होते. मी चिठ्ठी खिशात घातली. फळ्यावर हाजीच्या नावापुढे एक लिहिला आणि तहानीच्या नावापुढे शून्य. खडू माझ्याच हातात होता, दुसऱ्या कुणावर ढकलता येणार नाही.

रमजान २५

तहानीने फळा पाहिला. म्हटलं, ‘‘कालचं चुकलं, बेटा.’’

‘‘हो. बाबा म्हणालेच होते, उस्ताझ चूकच देतील.’’ राग नाही, काही नाही. नवं कोडं वहीत उतरवून घेतलं.

सकाळी आरोग्य कचेरीत गेलो होतो. शेहेचाळीस सालच्या मृत्यूंच्या वहीत वस्फी नाही. सत्तेचाळीस सालच्या जन्मांत शहाताही नाही. मला हायसं वाटलं, हे लाजेनं लिहितोय. कारकुनाला म्हटलं, ‘‘बघा, पुरावा कुठेच नाही.’’

तो हसला. ‘‘उस्ताझ, नसणारच. नोंद केली असती तर दाखला रद्द झाला असता. त्या काळी अर्धा गाव मेलेल्या भावंडांच्या कागदांवर जगायचा. कचेरीचे फेरे वाचायचे, दंड वाचायचा. माझी आई तिच्या थोरल्या बहिणीच्या दाखल्यावर पेन्शन घ्यायची, चार वर्षं आधीच!’’

‘‘मग खरं वय कळायचं कसं?’’

‘‘आईला विचारायचं. नाहीतर दात बघायचे.’’

पोर्ट सईदमध्ये जन्मलो, इथेच वाढलो, आणि हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या मामाचंही असंच होतं. सगळ्या गल्लीला माहीत असलेली गोष्ट त्या दिवशी मला आठवली नाही, कारण ती आठवली असती तर बातमी राहिली नसती.

रमजान २६

फेरीने पलीकडे गेलो. इन्शिराहला काल सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘‘काखेत कळसा म्हणतात तो हा. महिनाभर मुलगी समोर उभी राहते आणि तू तिच्या बापाला लिबियात शोधतोयस.’’

दुसऱ्या मजल्यावर एक खोली. तहानीने दार उघडलं आणि काही न बोलता बाजूला झाली. तो खिडकीपाशी बसला होता. रुंद खांदे अजून तसेच. माझी चाहूल लागताच मान वळवली.

‘‘या उस्ताझ. दात बघायला आलात?’’ तोंड उघडून दाखवलं. ‘‘वरचे तीन गेलेत. वय चुकेल तुमचं.’’

तहानी म्हणाली, ‘‘बाबा!’’

‘‘अगं, पाहुण्यांची गंमत करू नये का? बसा. उपास आहे, नाहीतर चहा दिला असता.’’

काय बोलावं याची मी फेरीवर तालीम केली होती. एकही वाक्य आठवलं नाही. म्हणालो, ‘‘शहाता, मला माहीत नव्हतं.’’

‘‘तुम्ही विचारलं नाहीत. आठवतं? तुम्ही क्लबाच्या दाराशी उभे होतात, मी सरावाहून येत होतो, अंग ओलं. वाटलं, आता फोटो काढणार. तुम्ही वहीत काहीतरी लिहिलंत आणि गेलात. आई दोन गल्ल्या पलीकडे मटार सोलत बसली होती. तिला विचारलं असतंत तर तिने अख्खी कर्मकहाणी ऐकवली असती. कंटाळला असतात.’’

‘‘तू का नाही सांगितलंस? नंतर?’’

‘‘सांगितलं ना. महासंघाने विचारलं, कागद काय आहे? म्हटलं कागद भावाचा आहे. म्हणाले, मग मृत्यूचा दाखला आण. तो आणला तर आई तुरुंगात. मग गप्प बसलो.’’ त्याने खिडकीची कड चाचपली. ‘‘लग्न त्याच्या नावावर झालं, लष्करात त्याच्या नावावर गेलो. माझं असं काहीच नाही हो. आता उमराचा अर्ज भरायचा झाला तर त्याच नावाने. तहानीला म्हटलं, मी काब्याभोवती चालून चालून थकेन आणि पुण्य त्या दहा महिन्यांच्या पोराच्या खात्यात जाईल!’’

तो मोठ्याने हसला. मला हसता आलं नाही.

मी शब्द दिला: तिसावं कोडं काढून टाकतो आणि त्या जागी सगळ्यांसमोर हे सांगतो. त्याचं उत्तर बरोबर धरलं आणि ‘वस्फी’ लिहिणाऱ्या बेचाळिसांचं चूक धरलं की हाजी एकाने मागे पडतो. जागा शहाताची.

‘‘उद्याच का नाही सांगत?’’ तहानीने विचारलं.

‘‘शेवटच्या दिवशी सगळं गाव येतं. झालं होतं गावासमोर, पुसायचंही गावासमोर.’’

‘‘आणि चंद्र आधीच दिसून महिना एकोणतीसचा निघाला तर?’’ शहाता म्हणाला.

‘‘पंचांगात तीस छापलेत,’’ मी म्हणालो.

रमजान २७

हिश्मतला सांगावं लागलं. त्याने दार लावून घेतलं. ‘‘लुत्फी, वेड लागलंय का? मानपत्र छापून आलंय. चौकट तयार आहे. चौतीस वर्षांनी शिळ्या कढीला ऊत कशाला?’’

‘‘तो निर्दोष होता.’’

‘‘तेव्हाच्या कमिटीत माझे वडील होते. दात तपासायचं पत्र त्यांनीच आणलं होतं आणि तुझी बातमी आल्यावर त्यांनीच मागे घेतलं. त्यांचं काय करू? कबरीतून उठवू?’’ मग हात धरून म्हणाला, ‘‘ईदनंतर बघू. मुलीला शाळेत बढती मिळवून देतो.’’

नाही म्हणालो. पण ‘आजच सांगतो’ असंही म्हणालो नाही. तिसाव्या दिवशी, एवढंच ठरवून उठलो.

रमजान २८

दिवसभर तिसाव्या दिवसाचं निवेदन लिहीत होतो. पाचवा खर्डा. सुरुवात जमतेय, शेवट अजून भारदस्त हवा.

इन्शिराह कहकचं, ईदच्या बिस्किटांचं, पीठ मळता मळता म्हणाली, ‘‘चार वाक्यांचं काम. आज जाऊन बोलून ये की.’’

‘‘नीट मांडायला हवं.’’

‘‘घोड्याचं वाक्य लिहायला किती दिवस लागले होते?’’

 बायकांना लेखनातलं काय कळतं, असं मनात आलं, आणि ते आलं म्हणून स्वतःचीच चीड आली.

रमजान २९

चंद्र दिसला.

तोफ झाली, सूप प्यायलो, आणि मुफ्तींची घोषणा रेडिओवर लागली: उद्या ईद. खाली रस्त्यात पोरांनी आरडाओरडा केला. इन्शिराह माझ्याकडे बघत राहिली. मी भिंतीवरच्या पंचांगाकडे बघितलं. तीस, स्पष्ट छापलेले. वेड्यासारखं ते पान फाडलं, जसा काही पानाचा दोष.

कोट चढवून क्लबाकडे धावलो. तोवर अंगणात दिवे लागले होते आणि हिश्मत ध्वनिक्षेपकावर माझाच नियम वाचत होता: चंद्र दिसला, डबा बंद. अठ्ठावीस कोडी. हाजी फौझी सव्वीस. तहानी शहाता पंचवीस. टाळ्या.

मी पायऱ्यांपर्यंत पोचलो, तेव्हा हाजीने ध्वनिक्षेपक घेतला. म्हणाला, ‘‘मी दोनदा जाऊन आलो. ही जागा माझ्या सासूबाईंची. ऐंशी वर्षं काबा काबा करतायत!’’ आणि म्हातारीला खुर्चीसकट उचलून आणलं. तिने जीभ घोळवत आनंदाची जी लांब किलकारी, झगारूत, काढली ती कालव्यापर्यंत गेली असेल. ती रडत होती. हाजीसुद्धा रडत होता. मासळी बाजारात मिरवणार हा, असं मीच लिहिलं होतं ना?

तोंड उघडलं होतं मी. त्या म्हातारीच्या हातातून ती जागा ओढून घ्यायला जीभ उचलली नाही. तहानी दाराशी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, वाट बघतात तसं. मग पिशवी खांद्याला लावली आणि फेरीकडे चालू लागली.

ईदचा दुसरा दिवस

सत्काराला गेलो. चौकट घेतली नाही. सगळं सांगितलं, खर्ड्याशिवाय. चारच वाक्यं लागली: वस्फी नावाचा मुलगा दहा महिन्यांचा असताना गेला. खेळला तो शहाता. तो सतरा वर्षांचा होता. मी खोटं लिहिलं, आणि चोवीस तारखेला खरं उत्तर चूक दिलं.

 मग हिश्मत पुढे आला आणि म्हणाला, ‘‘बघा! खरा मोठा पत्रकार! स्वतःच्या सर्वात मोठ्या बातमीवरही शंका घेतो!’’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी दोनदा ओरडून सांगितलं की शंका नाही, खोटं होतं. टाळ्या आणखी वाढल्या.

हाजी एकटा वाजवत नव्हता. नंतर भेटला. ‘‘कुठे राहतो तो? उस्ताझ, आधी बोलला असतात तर मीच दिली असती. आता म्हातारीला काय सांगू?’’ मी म्हटलं, काही सांगू नकोस.

ईदचा तिसरा दिवस

पेपरात गेलो. संपादक माझ्या मुलाच्या वयाचा. दुरुस्ती छाप म्हटलं. ‘‘छापतो की,’’ म्हणाला, ‘‘पण पुरावा काय आहे, सर? काही कागद?’’ मी चिठ्ठी दाखवली. त्याने उलटसुलट करून पाहिली आणि आदराने परत दिली. वाचकांच्या पत्रांत टाकतो म्हणाला, जागा असली तर.

तिथून यात्रा कंपनीकडे गेलो. पुढच्या महिन्याच्या तुकडीत एक जागा होती. शहातासाठी ती घेतली. त्याच्या नावाचे कागद नव्हते म्हणून तूर्त माझं नाव लिहिलं. म्हणाले, बदलून देऊ.

ईदचा चौथा दिवस

पुन्हा पलीकडे. इन्शिराहने कहकचा डबा दिला होता. तहानीने तो घेतला, ताटलीत काढला, आणि बापाच्या हाताला ताटली लावून दिली. क्लबात काय घडलं ते त्यांना कळलं होतं. फेरीवर बातमी थांबत नाही.

‘‘बोललात म्हणे,’’ शहाता म्हणाला.

‘‘उशिरा.’’

‘‘हं.’’

मी पाकीट त्याच्या गुडघ्यावर ठेवलं. ‘‘पुढच्या महिन्यातली जागा आहे. माझ्यातर्फे. फक्त नाव बदलायचंय.’’

त्याने पाकीट बोटांनी चाचपलं, डोळ्यांशी नेलं, पुन्हा खाली ठेवलं. ‘‘पैसे तुम्ही भरलेत?’’

‘‘हो.’’

‘‘अठ्ठाविसातली सव्वीस माझी बरोबर होती ना?’’

‘‘होती.’’

‘‘म्हणजे मी पहिला आलो होतो.’’

‘‘आला होतास.’’

‘‘झालं तर मग.’’ पाकीट त्याने माझ्या हातात दिलं आणि माझी बोटं त्यावर मिटवली. पकड अजून गोलरक्षकाची. ‘‘मला दान नको हो, उस्ताझ. शहाता नाव आहे म्हणून काय झालं. मला जिंकून जायचं होतं. अख्ख्या जन्मात एक गोष्ट माझी मी जिंकली होती.’’

‘‘बाबा, डोळे...’’ तहानी म्हणाली.

‘‘तुम्ही जाऊन या,’’ तो मला म्हणाला. आवाजात टोमणा नव्हता, तो असता तर सोपं गेलं असतं. ‘‘तुमचे डोळे चांगले आहेत. नीट बघा सगळं आणि आल्यावर मला सांगा. या वेळी मात्र बघून सांगा.’’

परत येताना फेरीवर ईदच्या कपड्यांतली पोरं धावत होती. घरी इन्शिराहने विचारलं, काय म्हणाला? मी सांगितलं. ती फडक्याने हात पुसत आत गेली.

जागा अजून माझ्या नावावर आहे. रद्द करायला गेलो नाही, आणि मक्केला जायचं धैर्यही होत नाही.